फ्लटर बसवताना: कोऱ्या लॅपटॉपपासून स्वतःच्या फोनवरच्या पहिल्या अ‍ॅपपर्यंत

आईच्या बचत गटात चौदा बायका आहेत. महिन्याची बचत, कर्जाचे हप्ते, व्याज, सगळं एका लांबोडक्या वहीत. ती वही फोनवर आणायची म्हणून मी अ‍ॅप बनवायला बसले आणि पहिल्या चार दिवसांत अ‍ॅपची एक ओळही लिहिली नाही. ते दिवस साधनं बसवण्यात गेले, त्यातही बराचसा वेळ मला गरजच नसलेल्या गोष्टी बसवण्यात. पुढे मावसभावाला आणि ऑफिसातल्या एका मैत्रिणीला तेच काम एका दुपारीत करून देता आलं, कारण तोवर काय सोडून द्यायचं ते कळलं होतं. हा लेख त्यासाठीच आहे.

गटातल्या बहुतेकींकडे अँड्रॉइड फोन, दोघींकडे मुलांनी दिलेले आयफोन. दोन्हींसाठी वेगवेगळं अ‍ॅप लिहिणं एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून फ्लटर. हे गूगलचं, मोफत आणि खुलं साधन. त्याची १.० ही पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. डार्ट भाषेत एकदा लिहिलं की त्याच कोडमधून अँड्रॉइड, आयफोन, वेब आणि डेस्कटॉप अशी सगळी अ‍ॅप्स तयार करता येतात. तुम्हाला जावास्क्रिप्ट चांगली येत असेल तर रिअ‍ॅक्ट नेटिव्ह हे तसंच दुसरं साधन जवळचं वाटेल आणि ती निवडही चुकीची नाही. पण दोन्ही एकदम शिकायला घेऊ नका.

एक सूचना आधीच. कमांड, म्हणजे संगणकाला टाइप करून द्यायचे हुकूम, मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीत, त्या इंग्रजी अक्षरांत, सगळ्या लहान लिपीत टाइप करायच्या. ‘डॅश’ म्हणजे आडवी रेघ (-), आणि स्वल्पविरामाच्या जागी फक्त मोकळी जागा. आणि पुढचं सगळं विंडोज १० किंवा ११ धरून लिहिलं आहे, कारण आपल्याकडे नवशिक्यांच्या हातात बहुधा तेच असतं.

आधी काय जमवायचं

- ६४ बिट विंडोजचा लॅपटॉप. ८ जीबी रॅमवर काम होतं, १६ असेल तर सुखाने होतं.
- सी ड्राइव्हवर निदान ३० जीबी मोकळी जागा. एसएसडी नसेल तर बाकी कशाहीआधी ती बसवून घ्या. हार्डडिस्कवर प्रत्येक पायरी रडवते.
- चार-पाच जीबी डाउनलोड होईल एवढं इंटरनेट.
- अँड्रॉइड ७ किंवा त्यापुढचा फोन आणि डेटा जाणारी यूएसबी केबल. नुसती चार्जिंगची नव्हे. यावर पुढे येतेच.
- गिट फॉर विंडोज (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर), फ्लटर एसडीके (एसडीके म्हणजे अ‍ॅप बनवायच्या साधनांचा संच) आणि अँड्रॉइड स्टुडिओ. चारही मोफत, चारही त्यांच्या अधिकृत साइटवरूनच घ्या.

१. गिट, व्हीएस कोड आणि फ्लटरची जागा

पहिल्यांदा गिट. फ्लटर आतून गिट वापरतं, ते नसेल तर पहिलीच कमांड अडते. इन्स्टॉल करताना बरेच प्रश्न विचारले जातात, सगळीकडे आधीपासून निवडलेलं उत्तर तसंच ठेवून पुढे जा. मग व्हीएस कोड घ्या आणि त्याच्या एक्स्टेन्शनच्या, म्हणजे जोड-साधनांच्या, यादीत ‘फ्लटर’ शोधून ते बसवा. डार्टचं एक्स्टेन्शन सोबत आपोआप येतं.

फ्लटर एसडीके दोन प्रकारे मिळतं. व्हीएस कोडमधूनच ते उतरवता येतं, किंवा झिप फाइल घेऊन स्वतः उलगडता येते. मी झिप सुचवते. मध्येच नेट गेलं तर ब्राउझर डाउनलोड बहुधा तिथूनच पुढे सुरू करू शकतो, आणि एकदा आलेली फाइल पेनड्राइव्हवरून चार मित्रांना देता येते. फक्त ‘स्टेबल’ आवृत्ती घ्या. ‘बीटा’ सध्या विसरा.

आता जागा. सी ड्राइव्हवर ‘डेव्हलप’ नावाचं साधं फोल्डर करा, इंग्रजी अक्षरांत, आणि झिप त्यात उलगडा. प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवू नका. तिथे लिहायला विंडोज दरवेळी अ‍ॅडमिनची परवानगी मागतं आणि फ्लटरला स्वतःच्या फोल्डरात सतत काही ना काही लिहायचं असतं. ‘माझे प्रोजेक्ट्स’ असं देवनागरी नाव किंवा मध्ये मोकळी जागा असलेलं नावही नको. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्ससुद्धा टाळा, कारण बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ही दोन्ही फोल्डरं वनड्राइव्हशी जोडलेली असतात. बिल्ड, म्हणजे कोडपासून अ‍ॅप तयार होणं, चालू असताना हजारो बारीक फाइली तयार होतात, वनड्राइव्ह त्या वर चढवायला धावतं आणि फाइल अडकून पडते. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर आम्ही संध्याकाळभर जी चूक शोधत होतो ती हीच होती.

२. पाथ: सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात

पाथ म्हणजे विंडोजकडची पत्त्यांची यादी. तुम्ही ‘फ्लटर’ टाइप केलं की या यादीतल्या प्रत्येक फोल्डरात जाऊन विंडोज त्या नावाचा प्रोग्राम शोधतं. यादीत पत्ता नसेल तर ‘ही कमांड ओळखता येत नाही’ अशा अर्थाचा लाल मजकूर येतो. फ्लटर बिघडलेलं नसतं, फक्त सापडलेलं नसतं.

स्टार्टमध्ये ‘एन्व्हायर्नमेंट’ टाइप करा. दोन पर्याय दिसतील. त्यातला ‘फॉर युवर अकाउंट’ असं शेवटी लिहिलेला निवडा. वरच्या चौकटीत ‘पाथ’ निवडून ‘एडिट’, मग ‘न्यू’, आणि तिथे फ्लटरच्या आतल्या ‘बिन’ फोल्डरचा पूर्ण पत्ता टाका. पत्ता हाताने टाइप करू नका. फाइल एक्सप्लोररमध्ये ते फोल्डर उघडून वरच्या पट्टीतून कॉपी करा.

इथे तीन सापळे आहेत.

पहिला: झिप उलगडताना विंडोज कधी कधी झिपच्या नावाचं एक फोल्डर करून त्यात फ्लटरचं फोल्डर टाकतं. मग तुम्ही दिलेला पत्ता एक पायरी चुकतो. ज्या ‘बिन’मध्ये ‘फ्लटर’ नावाची बॅच फाइल डोळ्यांना दिसते, तोच पत्ता खरा.

दुसरा: पाथ बदलण्याआधी उघडलेल्या टर्मिनलला नवी यादी माहीत नसते. टर्मिनल आणि व्हीएस कोड पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

तिसरा सापळा नुकसान करणारा आहे. काही व्हिडिओंत ‘सेटएक्स’ ही कमांड वापरून पाथ बदलायला सांगतात. ती कमांड १०२४ अक्षरांच्या पुढचा मजकूर छाटून टाकते. तुमची यादी लांब असेल तर आधी बसवलेल्या बाकीच्या प्रोग्रामांचे पत्ते गायब होतात, आणि ते काही आठवड्यांनी लक्षात येतं. पाथ नेहमी खिडकीतूनच बदला.

नवीन टर्मिनल उघडून ‘फ्लटर, डॅश डॅश व्हर्जन’ टाइप करा. पहिल्या वेळी ते थोडा वेळ घेईल आणि मग आवृत्तीचा आकडा दाखवेल. टर्मिनल ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडू नका. गरज नसते, आणि त्यातून फाइलींच्या मालकीचे घोळ होतात.

३. अँड्रॉइड स्टुडिओ: कोड लिहायला नाही, एसडीकेसाठी

कोड आपण व्हीएस कोडमध्ये लिहिणार. तरी अँड्रॉइड स्टुडिओ लागतो, कारण अँड्रॉइडचं एसडीके, बिल्डची साधनं आणि जावाची योग्य आवृत्ती तो एकत्र आणून देतो. जावा वेगळी उतरवायची गरज नाही. कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी बसवलेली जुनी जावा लॅपटॉपवर असेल तर असू द्या. फ्लटर स्टुडिओसोबत आलेलीच वापरतं.

स्टुडिओ पहिल्यांदा उघडल्यावर ‘स्टँडर्ड’ पद्धत निवडा. एक अपवाद. तुमच्या विंडोज खात्याच्या नावात मोकळी जागा असेल, म्हणजे नाव आणि आडनाव दोन्ही असतील, तर ‘कस्टम’ घेऊन एसडीकेची जागा बदला आणि सी ड्राइव्हवर थेट ‘अँड्रॉइड’ नावाच्या फोल्डरात ठेवा. नेहमीची जागा तुमच्या खात्याच्या फोल्डरात असते, आणि पत्त्यातली ती मोकळी जागा पुढे एनडीके या अँड्रॉइडच्या आणखी एका संचातल्या साधनांना चालत नाही. जागा बदललीत तर फ्लटरलाही सांगावं लागतं: ‘फ्लटर कॉन्फिग, डॅश डॅश अँड्रॉइड डॅश एसडीके’ आणि त्यापुढे नवा पत्ता.

आता स्टुडिओच्या पहिल्या पडद्यावर ‘मोअर अ‍ॅक्शन्स’मधून ‘एसडीके मॅनेजर’ उघडा, ‘एसडीके टूल्स’ या टॅबवर जा आणि ‘कमांड लाइन टूल्स’वर खूण करून ‘अप्लाय’ करा. ही एक खूण राहिली म्हणून किती जणांनी दिवस घालवले असतील! स्टँडर्ड पद्धतीत ती आपोआप लागेल असं धरून चालू नका, आणि तिच्याशिवाय पुढची पायरी होत नाही.

मग टर्मिनलमध्ये ‘फ्लटर डॉक्टर, डॅश डॅश अँड्रॉइड डॅश लायसन्सेस’. परवाने एकेक करून दिसतील. प्रत्येकाला ‘वाय’ दाबून एंटर.

४. डॉक्टर काय म्हणतो ते वाचा

‘फ्लटर डॉक्टर’ ही कमांड पूर्ण तपासणी करून यादी देते. हिरवी खूण म्हणजे ठीक, पिवळं उद्गारचिन्ह म्हणजे काहीतरी राहिलंय, लाल फुली म्हणजे ते साधन नाही.

माझे दिवस वाया गेले ते इथे. यादीत ‘व्हिज्युअल स्टुडिओ’पुढे लाल फुली होती. मला वाटलं, सगळ्या ओळी हिरव्या झाल्याशिवाय काम सुरूच होणार नाही. व्हिज्युअल स्टुडिओ आणि व्हीएस कोड ही दोन वेगळी साधनं आहेत हेही तेव्हा माहीत नव्हतं. कित्येक जीबी उतरवले, डिस्क भरली, जुने फोटो दुसरीकडे हलवले. आणि ती ओळ फक्त विंडोजवर चालणारं डेस्कटॉप अ‍ॅप बनवायचं असेल तर लागते! फोनच्या अ‍ॅपशी तिचा संबंध नाही.

तेव्हा फोनसाठी तीनच ओळी बघा: फ्लटर, अँड्रॉइड टूलचेन आणि जोडलेली उपकरणं. व्हिज्युअल स्टुडिओची फुली तशीच राहू द्या. क्रोमची ओळ वेबसाठी आहे, क्रोम असेलच तर तीही हिरवी दिसेल.

ओळ पिवळी असेल तर तिच्याखालचा बारीक मजकूर वाचा. नेमकी कोणती कमांड द्यायची ते बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं. जास्त तपशील हवा तर ‘फ्लटर डॉक्टर, डॅश व्ही’. कुणाकडे मदत मागायची असेल तर मोबाइलने काढलेला तिरपा फोटो पाठवू नका, या कमांडचा पूर्ण मजकूर कॉपी करून पाठवा. तो वाचून समोरच्याला पाच मिनिटांत उत्तर देता येतं.

५. एम्युलेटर नको, स्वतःचा फोन जोडा

बहुतेक मार्गदर्शक इथे एम्युलेटर, म्हणजे पडद्यावरचा नकली फोन, सुरू करायला सांगतात. ८ जीबी रॅमवर व्हीएस कोड, क्रोम, ग्रेडल (अँड्रॉइडचं बिल्ड करणारं साधन) आणि एम्युलेटर एकत्र चालवून पाहा, माउसचा बाण हलायलाही वेळ लागतो. शिवाय त्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन हा पर्याय सुरू असावा लागतो, आणि तो बंद असलेले लॅपटॉपही बरेच सापडतात. खरा फोन वेगवान, आणि अ‍ॅप शेवटी चालणार त्यावरच.

फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ उघडा आणि ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये बिल्ड नंबरऐवजी त्यांच्या स्वतःच्या सिस्टिमच्या आवृत्तीवर टिचकी मारावी लागते. तुम्ही डेव्हलपर झालात असा संदेश येतो. मग सेटिंगमध्ये ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ दिसू लागतात, तिथे ‘यूएसबी डीबगिंग’ सुरू करा. काही फोनमध्ये त्याखालीच ‘इन्स्टॉल व्हाया यूएसबी’ असा वेगळा पर्याय असतो, तोही लागतो.

केबल जोडा. फोन अनलॉक ठेवा. ‘या संगणकाला परवानगी द्यायची का’ अशी चौकट फोनवर येईल, ‘नेहमी’वर खूण करून होकार द्या. ही चौकट लॉक पडद्यामागे राहून गेली तर संगणकावर फोन ‘अनऑथराइज्ड’ दिसतो. ‘फ्लटर डिव्हायसेस’ ही कमांड देऊन बघा, फोनचं नाव यादीत यायला हवं.

येत नसेल तर या क्रमाने जा. आधी केबल बदला. फोन चार्ज होतोय म्हणजे केबल चांगली, असं नाही, पुष्कळ स्वस्त केबलींतून डेटा जातच नाही. मग फोनवरच्या यूएसबीच्या सूचनेत ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. तरीही नाही, तर फोनच्या कंपनीचा विंडोज यूएसबी ड्रायव्हर बसवा. अँड्रॉइड ११ पासून वायफायवरूनही जोडता येतं, पण पहिल्या दिवशी केबलच बरी.

आणि हे लक्षात ठेवा: काही बँकांची अ‍ॅप्स डेव्हलपर ऑप्शन्स सुरू असताना उघडतच नाहीत. मावसभावाला हे दुकानात पैसे देताना कळलं. काम संपलं की तो पर्याय बंद करायची सवय लावा.

६. पहिला प्रकल्प

प्रकल्पाच्या नावात लहान इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर एवढंच चालतं. सुरुवात आकड्याने नको, मधली आडवी रेघ नको. माझं नाव होतं ‘बचत अंडरस्कोर वही’.

टर्मिनलमधून ‘फ्लटर क्रिएट’ करताना ‘डॅश डॅश ऑर्ग’ जोडून स्वतःची ओळख द्या. उलट्या लिहिलेल्या वेबपत्त्यासारखी ती असते. दिली नाही तर अ‍ॅपच्या ओळखीत ‘कॉम डॉट एक्झाम्पल’ येतं, आणि ते प्ले स्टोअरला चालत नाही. नंतर बदलायला चार ठिकाणी हात घालावा लागतो, आणि अ‍ॅप एकदा प्रसिद्ध झालं की ही ओळख बदलताच येत नाही.

प्रकल्पाच्या फोल्डरात जाऊन ‘फ्लटर रन’ करा आणि थांबा. पहिल्या बिल्डला ग्रेडल आणि त्याच्या लायब्रऱ्या उतरतात, शेकड्यांनी एमबी. पडद्यावर एकच ओळ बराच वेळ तशीच दिसते. ते अडकलेलं नसतं. अधीर होऊन खिडकी बंद केली तर अर्धवट फाइली मागे राहतात आणि पुढच्या वेळी भलतीच चूक दाखवली जाते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे वीस-पंचवीस मिनिटं चालू शकतं. दुसऱ्या वेळेपासून मिनिटाच्या आसपास.

फोनवर एक मोजणीचं अ‍ॅप उघडेल. अधिकच्या बटणावर पाच-सहा वेळा टिचकी मारा. आता ‘लिब’ फोल्डरातल्या ‘मेन’ फाइलमध्ये जांभळ्या रंगाचं नाव बदलून हिरवं करा, फाइल सेव्ह करा आणि टर्मिनलमध्ये ‘आर’ दाबा. फोनवरचा रंग बदलतो आणि मोजलेला आकडा तसाच राहतो. याला हॉट रीलोड म्हणतात. मला फ्लटर आवडलं ते त्या क्षणी. आकडाही शून्यावर आणायचा असेल तर मोठा ‘आर’.

लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, जोडताना प्रकल्पातल्या ‘पबस्पेक’ फाइलमध्ये ओळींच्या आधी दोन-दोन स्पेस लागतात, टॅब चालत नाही. आणि काहीच कारण नसताना बिल्ड फसायला लागलं तर आधी ‘फ्लटर क्लीन’, मग ‘फ्लटर पब गेट’.

७. पडद्यावर मराठी

कोडमधल्या मजकुरात थेट देवनागरी टाइप केली तरी ती दिसते. पण ‘फ्लटर लोकलायझेशन्स’ जोडून भाषा मराठी ठरवा, म्हणजे तारखेचं कॅलेंडर आणि ‘रद्द करा’सारखी तयार बटणंही मराठीत येतात. फॉन्ट सोबत द्या. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही मोफत आहेत. ओळींमधलं अंतर फार कमी केलं तर वेलांट्या आणि रफार छाटले जातात, इंग्रजी मजकुरावर तपासलं तर हे दिसतच नाही. आईने पहिल्याच दिवशी ‘कर्ज’चा रफार गेल्याचं दाखवलं.

८. आयफोनचं काय

कोड तोच असतो. पण आयफोनचं अ‍ॅप तयार करायला एक्सकोड लागतं, आणि एक्सकोड फक्त मॅकवर चालतं. विंडोजवर ते बसवून देतो म्हणणाऱ्या आडवाटांच्या मागे लागू नका.

मॅक कुणाकडे असेल तर मोफत अ‍ॅपल खात्यावर स्वतःच्या आयफोनवर अ‍ॅप टाकून बघता येतं, ते सात दिवस चालतं. अ‍ॅप स्टोअरवर द्यायचं तर वर्षाला ९९ डॉलर. मॅक नसेल तर कोडमॅजिकसारख्या सेवा भाड्याच्या मॅकवर बिल्ड करून देतात. माझं मत: आधी अँड्रॉइडवर अ‍ॅप पूर्ण करा, लोकांना महिनाभर वापरू द्या, मगच हा खर्च.

९. दुसऱ्यांच्या फोनवर

‘फ्लटर बिल्ड एपीके’ केलं की ‘बिल्ड’ फोल्डराच्या आत एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनवर थेट बसवता येणारी तयार फाइल मिळते. ‘डॅश डॅश स्प्लिट डॅश पर डॅश एबीआय’ जोडलं तर प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरसाठी वेगळी, लहान फाइल होते. हल्लीच्या बहुतेक फोनना ६४ बिट आर्मची चालते. गटातल्या अँड्रॉइडवाल्यांना मी हीच पाठवली.

प्ले स्टोअरसाठी एपीके नाही, अ‍ॅप बंडल लागतं. ते सही करायची किल्ली तुम्ही स्वतः तयार करता. ती फाइल आणि तिचा पासवर्ड दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा आणि चुकूनही गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, चढवू नका. खात्यासाठी एकदाच २५ डॉलर भरावे लागतात, तेव्हा आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असलेलं कार्ड, सरकारी ओळखपत्र आणि त्यावर आहे तसंच नाव तयार ठेवा. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना आणखी एक अट आहे: निदान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत सामील राहायला हवं, त्यानंतरच सर्वांसाठी प्रसिद्ध करण्याचा अर्ज करता येतो. मधेच कुणी बाहेर पडलं तर संख्या कमी पडते, म्हणून मी १२ नाही, १८ जणांचे जीमेल पत्ते गोळा केले. गटातल्या अँड्रॉइडवाल्या, त्यांच्या सुना, आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर, जे रोज सकाळी अ‍ॅप उघडून जमाखर्चातली चूक शोधून कळवायचे.